रस्ता खोदला, पुढे काय? रस्तेखोदाई आणि चर बुजवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गल्लीत आधी पाण्याची लाइन आली, मग ड्रेनेज बदललं, मग गॅस, मग फायबर. दर वेळी सोसायटीच्या ग्रुपवर तेच प्रश्न येतात: हे कोण खोदतंय, परवानगी आहे का, आणि रस्ता पुन्हा नीट कधी होणार? उत्तरं शोधायला क्षेत्रीय कार्यालयात इतक्या चकरा मारल्या की शेवटी सगळं एका जागी लिहून ठेवायचं ठरवलं. मी पुण्यात राहते, त्यामुळे अनुभव इथला आहे. पण महाराष्ट्रातल्या इतर शहरांतही रीत फारशी वेगळी नाही. शुल्काचे दर आणि तारखा मात्र प्रत्येक पालिकेच्या वेगळ्या असतात, त्या तिथेच विचारून घ्याव्यात.

रस्ता खोदायची परवानगी कोण देतं?

रस्ता ज्याच्या ताब्यात, परवानगी त्याची. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत महापालिका आयुक्तांना हा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ ने दिला आहे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. नगरपालिका आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम लागू होतो. पुण्यात प्रत्यक्ष काम पथ विभाग बघतो.

पण शहरातला प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो, आणि गोंधळ इथेच होतो. राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावं लागतं. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा निराळी, लष्करी छावणीच्या भागात कटक मंडळ, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, गावाकडे ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. तक्रार चुकीच्या दारात गेली की "हा रस्ता आमच्याकडे येत नाही" हे ऐकायला पंधरा दिवस जातात. म्हणून आधी रस्ता कोणाचा ते विचारा.

रहदारीचा रस्ता असेल तर वाहतूक पोलिसांचं ना हरकत पत्रही लागतं.

दारात जेसीबी येऊन उभा राहिलाय. परवानगी आहे की नाही, कसं ओळखायचं?

परवानगीपत्र दाखवा म्हणायचं. कामावरच्या मुकादमाकडे किंवा सुपरवायझरकडे त्याची प्रत असायला हवी. त्यात पाच गोष्टी बघा: कोणत्या संस्थेला परवानगी आहे, कुठून कुठपर्यंत, किती लांबी-रुंदी-खोली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि रात्री काम करायचं की दिवसा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या सगळ्या तक्रारीचा पाया हाच कागद असतो.

सगळ्यांत जास्त फसगत लांबीत होते. परवानगी शंभर मीटरची आणि चर दीडशे मीटरचा, हे पावलं मोजूनही कळतं. परवानगीपत्र नाहीच, किंवा तारीख उलटून गेली आहे असं दिसलं तर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला लगेच फोन करा. काम चालू असताना केलेल्या एका फोनने जे होतं, ते काम संपल्यावर दहा अर्जांनी होत नाही.

मला घरासाठी नळजोड घ्यायचाय. स्वतः रस्ता फोडला तर चालेल का?

नाही. नळजोडाचा अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत करायचा, आणि रस्ता फोडावा लागणार असेल तर खोदाईचं शुल्क त्याच प्रकरणात भरायचं. "तुम्ही फक्त मजुरी द्या, रात्रीत करून टाकतो" म्हणणारे भेटतात. ऐकू नका. पकडलं गेलं तर दंड तुमच्या नावावर निघतो. शिवाय खालून गेलेली गॅसची किंवा विजेची लाइन त्या माणसाला माहीत नसते.

सोसायटीच्या आतला रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल तर तो सोसायटीचा. तिथे सोसायटीची मंजुरी पुरते.

पाइप फुटून पाणी वाहतंय. तेव्हाही परवानगीसाठी थांबायचं का?

नाही. मोठी गळती, वीज खंडित करणारा केबलचा बिघाड, गॅसचा वास अशा प्रसंगी संबंधित यंत्रणा आधी खोदते आणि परवानगीचे सोपस्कार मागून होतात. मात्र तातडीच्या कामाचा खड्डाही तेवढ्याच नीटपणे बुजवायची जबाबदारी सुटत नाही. दुर्दैवाने हेच खड्डे सगळ्यांत जास्त काळ उघडे राहतात. त्यांची फाइल उशिरा तयार होते, आणि फाइल नसली की बिल नाही, बिल नसलं की डांबर नाही.

खोदाईचे पैसे कंपनीने भरले. मग चर बुजवायचा कोणी?

दोन पद्धती आहेत. पहिलीत खोदणारी संस्था प्रतिमीटर शुल्क पालिकेकडे भरते. ती चरात भराव टाकून देते आणि वरचा रस्ता पालिका आपल्या ठेकेदाराकडून पूर्ववत करून घेते. दुसरीत संस्था अनामत रक्कम किंवा बँक हमी ठेवते आणि रस्ता स्वतः पूर्ववत करते. काम समाधानकारक झालं तर अनामत परत मिळते.

पहिल्या पद्धतीत एक फट आहे, ती समजून घ्या. खालचा भराव एकाचा, वरचं डांबर दुसऱ्याचं. चर खचला की वरचा म्हणतो खालून दबाई (भराव ठोकून घट्ट बसवणं) झाली नव्हती, खालचा म्हणतो आम्ही ताब्यात देऊन महिना झाला. म्हणून भराव होत असताना जागेवर पालिकेचा अभियंता होता का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा असतो.

चर नीट बुजवला म्हणजे नेमकं काय?

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. रस्ता खोदल्याने कायमचा खराब होत नाही, वाईट बुजवल्याने होतो.

पाइप किंवा केबल टाकल्यावर तिच्याभोवती आधी वाळू किंवा दगड नसलेला बारीक भराव घालायचा, म्हणजे टोकदार दगड पाइपाला टोचत नाही. त्यावर धोक्याची पट्टी अंथरतात, पुढच्या वेळी खोदणाऱ्याला आधी ती दिसावी म्हणून. मग मुरूम, तोही एकदम नाही. साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा एक थर पसरायचा, हलकं पाणी मारायचं, धुमस किंवा कॉम्पॅक्टर फिरवून घट्ट बसवायचा, मगच पुढचा थर. मीटरभर खोल चर असेल तर वाळू आणि वरची खडी सोडून असे तीन-चार थर होतात. त्यावर खडीचे थर रोलिंग करून, मग डांबराचा पातळ हात मारून वरचं डांबरीकरण.

कडांकडेही बघा. जेसीबीच्या दातांनी उचकटलेली कड वेडीवाकडी आणि सैल असते. कटर मशीनने सरळ रेषेत कापून, चरापेक्षा दोन्ही बाजूंना थोडं जास्त डांबर काढून पॅच टाकला, तर नवं डांबर न हललेल्या जुन्या रस्त्यावर टेकतं आणि सांध्यातून पाणी शिरत नाही.

हे का महत्त्वाचं? उकरलेली माती फुगते, तिच्यात हवेच्या पोकळ्या राहतात. एकदम ढकललेला भराव वरून सपाट दिसतो, आतून पोकळच असतो. पहिल्या जोरदार पावसात पाणी आत उतरतं, बारीक माती वाहून जाते आणि वरून बस गेली की चर खाली बसतो. पुण्याच्या आणि एकूणच देशावरच्या भागात काळी माती असेल तर आणखी पंचाईत, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. ती माती भराव म्हणून पुन्हा चरात घालूच नये. ती उचलून न्यायची आणि बाहेरून मुरूम आणायचा.

एक पाहिलेली गोष्ट सांगते. मार्च महिन्यात रात्री साडेअकराला आमच्या कोपऱ्यावर जेसीबीचा आवाज आला म्हणून खाली गेले. चाळीसेक मीटरच्या चरात बाजूचा सगळा राडारोडा एका झटक्यात लोटत होते. डांबराचे डोक्याएवढे ढेकूळ, सिमेंटच्या फाटक्या गोण्या, ओली काळी माती, सगळं एकत्र. मुकादमाला विचारलं, दबाई कधी करणार? तो म्हणाला, "ताई, गाड्या जाऊन जाऊन बसतंय आपोआप." सकाळी आठला कनिष्ठ अभियंत्यांना फोटो पाठवले. ते खरोखर आले, आणि आमच्या बाजूचा निम्मा चर पुन्हा उकरून मुरमाने थराथराने भरून घेतला. पलीकडचा निम्मा भाग तोवर वरून झाकून झाला होता, तो तसाच राहिला. जुलैमध्ये बघितलं तर आमच्या बाजूला रस्ता सपाट होता. पलीकडच्या बाजूला वीतभर खोल पन्हळ पडलं होतं, आणि शाळेच्या रिक्षा त्याला वळसा घालून उलट्या बाजूने जात होत्या. रस्ता तोच, ठेकेदार तोच, पाऊसही तोच.

काँक्रीटचा रस्ता खोदला तर?

काँक्रीटला ठिगळ लावून भागत नाही. हा रस्ता चौकोनी स्लॅबमध्ये, सांधे सोडून बांधलेला असतो. मधोमध अरुंद चर कापून तो भरला तर दोन्ही कडांना तडे जाणार. योग्य पद्धत म्हणजे सांध्यापासून सांध्यापर्यंतचा पूर्ण स्लॅब काढून नव्याने ओतणं, आणि त्यावर पाणी मारून क्युरिंग करणं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात, हे लक्षात असू द्या. ओतल्याच्या तिसऱ्या दिवशी टँकर सोडले तर तो स्लॅब टिकणार नाही. शक्य असेल तिथे काँक्रीट रस्ता उघडा न खोदता आडव्या ड्रिलिंगने, म्हणजे एचडीडी मशीनने खालून लाइन न्यायला सांगितलं पाहिजे. नवा रस्ता करतानाच दोन्ही कडांना रिकाम्या डक्ट, म्हणजे पुढे केबल ओवता येतील अशा नळ्या, टाकून ठेवल्या तर तेही लागत नाही.

फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसवले, पण वरखाली झालेत.

खाली वाळू समतल केली नाही, एवढंच कारण. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला तो फुटपाथ बंदच होतो. तक्रारीत दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ चा उल्लेख जरूर करा.

पावसाळ्यात खोदाई बंद असते ना?

नेहमीच्या कामांना बंद असते, तातडीची चालतात. प्रत्येक पालिका दर वर्षी तारीख जाहीर करते. नवी खोदाई साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत थांबवायची, खोदलेलं सगळं पावसाआधी पूर्ववत करायचं आणि नव्या परवानग्या ऑक्टोबरपासून, असा क्रम असतो. कारण साधं आहे: ओल्या खडीवर डांबर धरत नाही आणि चिखलाची दबाई होत नाही.

म्हणून मे महिन्यात सगळं शहर एकदम उकरलेलं दिसतं. वर्षभर रेंगाळलेली कामं शेवटच्या तीन आठवड्यांत उरकली जातात, आणि घाईत पहिल्यांदा गाळली जाते ती दबाई. तुमच्या भागात मेमध्ये चर बुजवत असतील तर जास्त लक्ष द्या.

मागच्याच महिन्यात केलेला रस्ता लगेच कसा काय खोदतात?

नियमाने खोदू नये. नव्या रस्त्याला दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे ठरलेल्या वर्षांपर्यंत रस्ता बिघडला तर मूळ ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. त्या काळात दुसऱ्या कोणी तो खोदला की ठेकेदाराला हात झटकायला निमित्त मिळतं. म्हणून अशा रस्त्यावर परवानगी सहसा देत नाहीत, आणि दिलीच तर वरिष्ठ पातळीवर आणि चढ्या दराने.

तरीही खोदतात, कारण पाणी, ड्रेनेज, विद्युत, पथ या खात्यांची अंदाजपत्रकं आणि निविदा वेगवेगळ्या वेळी निघतात. रस्ता होण्याआधी सगळ्या खात्यांची आणि कंपन्यांची एकत्र बैठक घ्यायची असते. तुमच्या रस्त्याचं डांबरीकरण होणार असं कानावर आलं, तर "खालची कामं झाली का?" असं लेखी विचारून ठेवा. असं पत्र आधी गेलेलं असलं तर नंतर कोणाला माहीत नव्हतं म्हणता येत नाही.

काम चालू असताना सुरक्षिततेसाठी काय असायलाच हवं?

इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका याचसाठी आहे. चराच्या पूर्ण लांबीला बॅरिकेड, चराच्या थोडं आधीच 'पुढे काम चालू आहे' असा फलक, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या आणि लाल दिवे, पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट, दुकाना-घरांच्या दारात चरावर मजबूत लोखंडी प्लेट. दोन बांबूंना बांधलेली पट्टी म्हणजे बॅरिकेड नव्हे. आमच्या शेजारच्या काकू अशाच एका पट्टीजवळून संध्याकाळी दूध घेऊन येत होत्या. दिवे गेलेले, पट्टी खाली लोंबत होती. खुब्याचं हाड मोडलं, आजही त्या वॉकर घेऊन चालतात.

खोदताना दुसरीच केबल तुटली तर?

भरपाई खोदणाऱ्याकडून वसूल होते, पण तोवर तुमचं पाणी किंवा इंटरनेट गेलेलं असतं. हे टाळण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. खोदणाऱ्याने आधी तिथे जागा नोंदवायची, म्हणजे त्या जागेखाली ज्यांच्या लाइन आहेत त्यांना सूचना जाते. मुकादमाला विचारायच्या प्रश्नांत हाही एक ठेवा: ॲपवर नोंद केली का?

गॅसचा वास आला तर मात्र प्रश्न विचारत थांबू नका. काडी पेटवू नका, गाडी सुरू करू नका, लोकांना लांब करा आणि गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक किंवा ११२ लावा.

फायबर टाकणाऱ्यांना वेगळे नियम आहेत म्हणतात, ते खरं का?

हो. दूरसंचार (मार्गाधिकार) नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. पालिकेने ठरलेल्या मुदतीत निर्णय घेतला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. याचा अर्थ कसंही खोदावं असा नाही. रस्ता पूर्ववत करायची किंवा त्याचा खर्च द्यायची जबाबदारी त्यांच्यावर आहेच. "आम्हाला केंद्राची परवानगी आहे" हे वाक्य ऐकलं तरी कागद मागाच.

मंडपासाठी रस्त्यात खड्डे खणले तर?

दंड होतो. वाळूने भरलेल्या ड्रममध्ये खांब उभे करून खड्डे न खणता मंडप घालता येतो, आणि अनेक मंडळं तसा घालतातही. आपल्याच मंडळात हा विषय उत्सवाआधीच्या पहिल्या बैठकीत काढावा.

न बुजवलेल्या खड्ड्यामुळे अपघात झाला. भरपाई मिळते का?

मिळते, आणि ही माहिती जास्तीत जास्त लोकांपर्यंत जायला हवी. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सुस्थितीतला रस्ता हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. पुढे १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने भरपाईचे आकडेच ठरवून दिले: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये.

महापालिका हद्दीत यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची, उशीर झाला तर ९ टक्के व्याज, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची असं निकालात आहे. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका, जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

त्यासाठी कागद जपा. खड्ड्याचा फोटो, शेजारी फूटपट्टी किंवा चप्पल ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येतो. पोलिसांतली नोंद, दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे कागद, दोन साक्षीदार. फोटो त्याच दिवशी काढा. अपघातानंतर खड्डा रातोरात बुजतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ ही तरतूदही आहे. रस्त्याच्या रचनेत, बांधणीत किंवा देखभालीत मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तक्रार कुठे करायची म्हणजे हलते?

पालिकेच्या ॲपवर किंवा हेल्पलाइनवर (मुंबईत १९१६) नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. काम न होताच तक्रार "निकाली" दाखवली गेली तर नव्या फोटोसह पुन्हा उघडा. त्यानंतर लोकशाही दिन आहे, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज मात्र आधी द्यावा लागतो.

माहिती अधिकारात काय मागावं?

परवानगीपत्राची प्रत, भरलेलं शुल्क, चर मोजल्याची मोजमाप पुस्तिकेतली नोंद, दबाईच्या चाचणीचा अहवाल आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "का खोदला?" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा.

आणि फार कमी लोक वापरतात असा एक हक्क: २००५ च्या या कायद्याने कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. चरात मुरूम आहे की राडारोडा, याचा नमुना रीतसर मागता येतो.

कामावरच्या लोकांशी भांडावं का?

खोदणारे मजूर लांबून आलेले असतात, त्यांना जे सांगितलं तेवढंच ते करतात. दबाईचं मशीन पाठवायचं की नाही हे त्यांच्या हातात नसतं. त्यांना पाणी द्या, कागद सुपरवायझरकडे मागा आणि फोन अभियंत्याला करा. आमच्याकडे मार्चमध्ये दुसऱ्या दिवशी धुमस घेऊन आलेल्या दोघांनी दुपारी जिन्यात बसून डबा खाल्ला. निघताना त्यांतल्या एकाने स्वतःहून सांगितलं, "पलीकडचं पण उकरायला लावा ताई, त्यात सगळी मातीच आहे." ते वाक्य मी त्याच संध्याकाळी अर्जात लिहून दिलं. त्या अर्जावरचा आवक शिक्का जुलैमध्ये पलीकडचा चर पुन्हा करून घेताना कामी आला.